नको असलेले केस आणि ‘कायमचे’ हा शब्द

यंदाच्या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापून आला तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले की, बोनस, किमान वेतन, नवे कामगार कायदे हे सारे सोडून तुम्ही अंगावरच्या केसांकडे कोठे वळलात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आम्ही ज्या स्त्रियांमध्ये संघटनेचे काम करतो, म्हणजे शिवणकामाच्या शेडमध्ये बसणाऱ्या, औषधांच्या बाटल्यांवर लेबले लावणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, त्यांच्यापैकी अनेकींच्या महिन्याच्या हिशेबात अलीकडे एक नवा हप्ता दिसू लागला आहे. ओठावरचे, हनुवटीवरचे केस ‘कायमचे’ काढून देण्याचा हा हप्ता. सहा किंवा आठ बैठकांचे पैसे आधी भरावयाचे, पावतीवर ‘पॅकेज’ असे लिहून घ्यावयाचे आणि मग वाट पाहावयाची. आमच्या एका सभासद भगिनीच्या गालावर तिसऱ्या बैठकीनंतर भाजल्याचे काळे पट्टे उठले. पैसे परत मिळतील काय, हे विचारायला ती आमच्याकडे आली. त्या निमित्ताने आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा डॉक्टरच्या अधिकाराने आम्ही बोलत नाही. वाचून, विचारून आणि ताडून पाहून जे पक्के वाटले तेवढेच येथे सांगतो.

‘कायम’ या शब्दाशी आमचा जुना परिचय आहे. बदली कामगार कोण, हंगामी कोण आणि कायम कोण, किती दिवस भरले म्हणजे माणूस कायम होतो, यावर औद्योगिक न्यायालयांत जेवढा कागद खर्ची पडला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावर पडला असेल. म्हणून कोणी ‘कायमचे’ म्हटले की त्याची व्याख्या कोणत्या कलमात आहे, हे आम्ही आधी पाहतो. केसांच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे. मात्र त्यासाठी केस कसा उगवतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

डोळ्यांना दिसणारा केस हा निर्जीव धागा आहे. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो बनलेला असतो आणि कापला तरी त्याला काही कळत नाही. जिवंत कारखाना त्वचेच्या खाली असतो. त्याला केशकूप म्हणतात. कूपाच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर भाग असतो, तेथे रक्तवाहिन्यांतून पोषण येते आणि नव्या पेशी तयार होऊन वर ढकलल्या जातात. पण एवढ्यावर भागत नाही. कूपाच्या वरच्या अंगाला आणखी एक लहानसा फुगवटा असतो आणि त्यात बीजासारख्या मूलपेशी राखीव असतात, असे १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तळ नष्ट झाला तरी हा राखीव साठा शिल्लक राहिला तर कारखाना पुन्हा उभा राहू शकतो. केस उपटल्याने तो परत का येतो, याचे उत्तर येथे आहे. धागा हाती येतो, कारखाना जागच्या जागी राहतो.

मनुष्य जन्माला येतो तेव्हा त्याच्या अंगावर सुमारे पन्नास लाख केशकूप असतात. पैकी लाखभर डोक्यावर. स्त्री आणि पुरुष यांच्या कूपांच्या संख्येत फारसा फरक नाही, आणि जन्मानंतर नवे कूप तयार होत नाहीत. तेव्हा ‘हिला दाढीमिशा फुटल्या’ असे जे चेष्टेने म्हटले जाते त्यात नवे काहीच फुटलेले नसते. जी मऊ, फिकट लव प्रत्येक स्त्रीच्या चेहऱ्यावर असते, तिचेच काही केस जाड आणि काळे झालेले असतात. हा बदल पुरुषी संप्रेरकांमुळे होतो, आणि ती संप्रेरके थोड्या प्रमाणात प्रत्येक स्त्रीच्या शरीरात असतातच.

आता महत्त्वाची गोष्ट. सारे कूप एकाच वेळी कामावर नसतात. गिरणीप्रमाणे त्यांच्याही तीन पाळ्या असतात. एक वाढीची, दुसरी आवरते घेण्याची, तिसरी विश्रांतीची. डोक्यावरच्या केसाची वाढीची पाळी दोन ते सहा वर्षे चालते, म्हणून तो कमरेपर्यंत जातो. ओठावरच्या किंवा पायावरच्या केसाची पाळी काही महिन्यांतच संपते, म्हणून तो आखूड राहतो. ओठावरच्या केसांपैकी निम्म्याहून अधिक एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. पायावर मात्र पाचांतला साधारण एकच. बाकीचे विश्रांती घेत असतात. आणि केस कायमचा घालविण्याचे जे उपाय आहेत त्यांचा खरा परिणाम वाढीच्या अवस्थेतील कूपावर होतो. पहिल्या पाळीच्या गेटवर सभा घेतली तर तिसऱ्या पाळीच्या कामगाराला ती ऐकू जात नाही. त्याच्यासाठी पुन्हा जावे लागते. म्हणून एका बैठकीत काम होत नाही, सहा-आठ बैठका लागतात आणि त्यांच्यात काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. ‘एकाच बैठकीत कायमची सुटका’ असे जेथे लिहिलेले असेल तेथे पायरी चढू नये.

येथे दोन घरगुती समजुतींचा निकाल लावून टाकू. वस्तरा लावला की केस दाट येतात, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमाप करून दाखविले की, वस्तऱ्याने केसाच्या जाडीत किंवा वाढीच्या वेगात फरक पडत नाही. कापलेले टोक बोथट असते, म्हणून हाताला ते खरखरीत लागते, इतकेच. दुसरी समजूत तान्ह्या बाळाची. डाळीच्या पिठाने, कणकेच्या गोळ्याने बाळाला चोळून त्याची लव घालविण्याची आपल्या घरांतून चाल आहे. आजीबाईंना श्रेय जरूर द्यावे, पण ती लव आपोआपच गळून जाणारी असते. फार चोळल्याने बाळाचे कोवळे कातडे मात्र सोलवटते.

तात्पुरत्या उपायांवर फार वेळ घालवीत नाही. दोरा, मेण, चिमटा, वस्तरा हे सारे त्यात आले. केस विरघळविणारी मलमे केसातील प्रथिनाचे बंध तोडतात. ती कूपापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या जुन्या वैद्यकात यासाठी हरताळ आणि चुना यांचा लेप सांगितला आहे. हरताळ म्हणजे सोमलाचे, विषारीच, पिवळे खनिज. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हेच फासून ते पुसून टाकीत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. आम्ही ज्या हरताळाची हाक देतो त्याचा याच्याशी संबंध नाही, हे पोलीस खात्यातील कोणी श्रोते असल्यास त्यांच्या माहितीसाठी सांगून ठेवतो.

कायमच्या उपायांचा इतिहास मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. कारण त्यात माणसे होरपळली आहेत.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर ते किरण सोडून पाहिले. केस गळाले, नंतर पाठीवर चिघळणारा व्रणही झाला. एवढ्या इशाऱ्यावर हा मार्ग बंद व्हावयास हवा होता. पण १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायझर यांनी ‘ट्रायको’ नावाची क्ष-किरणांची यंत्रे काढली आणि ती अमेरिकेतील शहरोशहरीच्या सौंदर्यगृहांत भाड्याने देण्यास सुरुवात झाली. वेदना नाही, सुई नाही, पेटीसमोर काही मिनिटे बसावयाचे. केस खरोखरच गळत. यंत्र चालविणाऱ्यांना जुजबी शिक्षण दिलेले असे. नोकरी करून शिल्लक टाकणाऱ्या स्त्रियाही तेथे जात, महिनोन्‌महिने जात. मग काही काळाने कातडी सुरकुतू लागली, तिच्यावर पांढरे-तांबडे डाग पडले, जखमा भरेनात, आणि कित्येकींना पुढे वर्षांनी कर्करोग झाला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९२९ साली या यंत्रांविरुद्ध जाहीर इशारा दिला आणि पुढे ती कंपनी मोडली. पण किरणांचा परिणाम कंपनीबरोबर मोडत नाही. ज्यांनी तारुण्यात उपचार घेतला, त्यांतील काही स्त्रिया दहा-वीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी त्याचे भोग घेऊन इस्पितळांत येत राहिल्या.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘कोरेम्लू’ नावाचे मलम निघाले. त्यात थॅलियमचे क्षार होते, म्हणजे उंदीर मारण्याच्या औषधांत जे विष घालीत तेच. मलम लावले की केस जात. त्याबरोबर डोक्यावरचेही जात, पायांत असह्य कळा येत, दृष्टी अधू होई. खटले झाले आणि १९३२ साली मालकांनी दिवाळे काढले. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारची देखरेख असावी, असा तिकडे जो कायदा १९३८ साली झाला, त्याच्या पाठीमागे अशा मलमांनी आंधळ्या-पांगळ्या झालेल्या स्त्रियांची साक्ष होती. कायदे असेच होतात. आधी कोणाची तरी बोटे यंत्रात जावी लागतात.

या सगळ्या धामधुमीत एक जुना, कंटाळवाणा, पण सच्चा उपाय चालूच होता. चार्ल्स मिशेल हे सेंट लुई शहरातले डोळ्यांचे डॉक्टर. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचणारे रोगी त्यांच्याकडे येत. केस उपटला तरी तो परत येई आणि परत टोचे. त्यांनी बारीक सुई कूपात घालून तिच्यातून विजेचा सौम्य प्रवाह सोडला आणि १८७५ साली ही रीत प्रसिद्ध केली. कूपातील ओलावा म्हणजे मिठाचे पाणी. त्यातून सरळ प्रवाह गेला की ऋण टोकाला दाहक सोडा तयार होतो आणि तो कूपाचा तळ जाळतो. पुढे १९२४ साली फ्रान्समधील लिऑन येथील हेन्री बोर्दिए यांनी उच्च कंपनांचा प्रवाह वापरून सोड्याऐवजी उष्णतेने तेच काम अधिक लवकर साधले. दोन्ही प्रवाह एकत्र वापरणाऱ्या यंत्राला अमेरिकेत १९४८ साली पेटंट मिळाले. या पद्धतीला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. तिच्यात केसाचा आणि कातडीचा रंग आड येत नाही. गोरी, सावळी, काळी, पांढऱ्या केसांची, सर्वांना ती चालते. दोष एवढाच की प्रत्येक केसाला वेगळी सुई. हनुवटीवरचे जाड केस पुरते संपावयास वर्ष-दीड वर्ष लागू शकते, आणि पाठीचे किंवा पायांचे नाव काढू नये. हात बसलेला नसेल तर व्रण राहतात. सुई प्रत्येकीसाठी नवी, निर्जंतुक असलीच पाहिजे. ती डोळ्यांदेखत पाकिटातून काढावयास सांगावी, त्यात संकोच नको.

आता लेझर. आज बहुतेक पाट्यांवर हेच नाव दिसते. पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली असे तत्त्व मांडले की, प्रकाशाचा रंग आणि झोताचा काळ नेमका निवडला तर आजूबाजूला धक्का न लावता त्वचेतील एकच वस्तू तापविता येते. केसांत ती वस्तू म्हणजे मेलॅनिन हे काळे द्रव्य. काळा केस प्रकाश पितो, तापतो आणि ती उष्णता कूपाला भाजते. पुढे १९९० नंतरच्या दशकात यावर आधारलेली यंत्रे बाजारात आली.

आमच्या भगिनीच्या गालावरच्या पट्ट्यांचे कारण याच तत्त्वात आहे. मेलॅनिन फक्त केसात नसते. ते कातडीतही असते. गोऱ्या कातडीवरचा काळा केस लेझरला सोपा. कारण झोत कातडीतून सरळ जातो आणि केसावरच थांबतो. आपल्याकडील बहुतेकांची कातडी गव्हाळ ते सावळी. तिच्यावर तोच झोत त्याच जोराने सोडला तर निम्मी उष्णता वाटेतच, कातडीत, उतरते. त्यावर उपाय आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी जास्त तितका तो कातडीतल्या मेलॅनिनला कमी छेडतो आणि अधिक खोल जातो. माणकाच्या लेझरची लांबी ६९४ नॅनोमीटर, अलेक्झांड्राइटची ७५५, डायोडची ८०० च्या आसपास, आणि एनडी-याग या लेझरची १०६४. सावळ्या वर्णाला हा शेवटचा सर्वांत निर्धोक. डायोडही चालतो, पण जोर कमी ठेवून, झोताचा काळ लांबवून आणि कातडी थंड करीत करीत. म्हणजे यंत्र कोणते, इतकेच विचारून भागत नाही. ते चालविणाऱ्याला समोरच्या वर्णाप्रमाणे काटा फिरविता येतो की नाही, हे पाहावे लागते. आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घेऊन काही दिवस वाट पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. घाईत असलेली दुकाने नेमका तोच टाळतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या उपचाराविषयी मार्गदर्शक सूचना २००८ सालीच प्रसिद्ध केल्या आहेत. त्या दुकानाच्या भिंतीवर लागलेल्या आम्ही अद्याप पाहिल्या नाहीत.

आणखी थोडे व्यवहाराचे. पांढऱ्या, भुऱ्या केसांना आणि मऊ लवेला लेझरचा उपयोग नाही. त्यात प्रकाश पिणारे द्रव्यच नसते. बैठकीच्या आधी महिनाभर दोरा किंवा मेण वापरू नये, कारण उपटलेल्या केसाबरोबर लक्ष्यच नाहीसे होते, वस्तरा चालतो. उन्हाने कातडी काळवंडली असेल तर बैठक पुढे ढकलावी. शेतावर आणि रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांना हे सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा दोघींनाही हवा, आणि भुवयांच्या खाली लेझर मुळीच नको. काहींच्या बाबतीत, विशेषतः सावळ्या वर्णात आणि चेहरा-मानेवर, उलटाच परिणाम होतो; उपचाराच्या कडेची लव जाड होऊन केस वाढतात. याची शक्यता आधी सांगितली पाहिजे, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापणे म्हणजे सांगणे नव्हे.

आणि आता ते कलम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली लेझरवाल्यांना जो शब्द वापरू दिला तो ‘कायमची घट’ असा आहे. तिचा अर्थ असा की, ठरावीक बैठकांनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांच्या संख्येत दीर्घकाळ टिकणारी घट. सारे केस गेले पाहिजेत, असे त्यात नाही. केसांचे ‘कायमचे निर्मूलन’ हा शब्द ते प्रशासन इलेक्ट्रोलिसिसपुरताच वापरते. आपल्याकडच्या पाट्यांवर लेझरपुढे सर्रास निर्मूलन लिहिलेले असते. दहा केसांपैकी सात-आठ गेले आणि उरलेले बारीक झाले, तर तो उपचार यशस्वी समजतात. वर्षा-दोन वर्षांनी एखादी बैठक पुन्हा घ्यावी लागते. हे कळल्यावरही पुष्कळ स्त्रिया उपचार घेतील, आणि खुशाल घ्यावा. आमचे म्हणणे इतकेच की, करार वाचून सही करावी.

मात्र पैसे भरण्याआधी एक पायरी आहे आणि ती फुकटात किंवा थोडक्यात सरकारी रुग्णालयात चढता येते. केस एकाएकी, काही महिन्यांत वाढले, आवाज जाड झाला, पाळी बंद पडली, तर ते बीजकोशातील किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतील गाठीचे लक्षण असू शकते; अशा वेळी सौंदर्यगृह नव्हे, डॉक्टर गाठावा. याहून कितीतरी अधिक आढळते ते पीसीओएस, म्हणजे बीजकोशाचा संप्रेरक-दोष. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस आणि मुरमे, वजन वाढलेले. हा दोष चालू असताना एकीकडे लेझरने कूप भाजावे आणि दुसरीकडे संप्रेरकांनी नवी लव जाड करावी, असा उद्योग होतो आणि बैठका संपत नाहीत. लंडनच्या फेरिमन आणि गॅलवे यांनी १९६१ साली अंगावरच्या ठरावीक जागांना गुण देऊन केसांची वाढ मोजण्याची रीत बसविली. डॉक्टर आजही तिचाच आधार घेतात. गोळ्या आहेत, पण त्यांचा परिणाम दिसावयास सहा महिने लागतात आणि त्यांतील काही गरोदरपणी घातक असतात, म्हणून त्या शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

औषधांचा विषय निघालाच आहे तर एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. एफ्लॉर्निथीन नावाचे औषध आफ्रिकेतील निद्रारोगावर विलक्षण गुणकारी ठरले आणि १९९० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण निद्रारोगी गरीब. नफा नाही म्हणून काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. पुढे असे दिसले की तेच द्रव्य मलमात घातले तर स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांची वाढ मंदावते. २००० साली त्या मलमाला मान्यता मिळाली आणि औषध पुन्हा तयार होऊ लागले. गवगवा झाल्यावर २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन निद्रारोग्यांसाठी ते पुन्हा मिळू लागले. मलम बंद केल्यावर दोन महिन्यांत केस पूर्ववत होतात, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

शेवटी, उपकरण हातात धरणाऱ्या मुलीविषयी. ग्राहक महिन्यातून एकदा खोलीत येते; ही दिवसभर तेथेच असते. लेझरने केस जळतो तेव्हा जो वास येतो तो नुसता वास नसतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत त्या धुरात कर्करोगाला कारण होणारी किंवा तशी शंका असलेली कित्येक द्रव्ये आढळली, आणि धूर ओढून घेणारे यंत्र बंद केले की हवेतील अतिसूक्ष्म कण अनेक पटींनी वाढले. लेझर चालू असताना दार उघडे ठेवता येत नाही, म्हणून ते यंत्र केसाजवळच, झोताच्या तोंडाशी हवे, आणि मुखपट्टीही बारीक कण अडविणारी हवी. गेल्या वर्षी एका ठिकाणी आम्ही तशी लेखी मागणी केली. मालकांनी भिंतीवर पंखा बसवून दिला. पंख्याने धूर जात नाही, खोलीभर फिरतो. मागणी अद्याप उभी आहे.